युरोपातल्या छोट्या उड्डाणांत ‘फुल सर्व्हिस’ला काही अर्थ उरला आहे का?

नेकारकाठी:

सर्वांना नमस्कार. आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे श्टुटगार्टला आले आहेत. मागच्या पंधरवड्यात त्यांना घेऊन चार दिवस इटलीला जायचे ठरले. उड्डाण दीड तासाचे होते. सरळ स्वस्तातली कंपनी घ्यावी, असे पत्नीचे मत होते. मी मात्र हट्टाने एका जुन्या, नावाजलेल्या, ‘फुल सर्व्हिस’ (म्हणजे बॅग, जागा, खाणे सगळे तिकिटातच) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विमान कंपनीची तिकिटे काढली आणि माणशी ३८ युरो जास्त मोजले. वयस्कर माणसांना घेऊन जाताना बॅगेचे वजन, बसायची जागा, चहापाणी असल्या बारीकसारीक गोष्टींची काळजी नको, एवढाच त्यामागचा विचार होता.

विमानतळावर गेल्यावर कळले की आमच्या तिकिटात केवळ हातातली बॅग धरलेली आहे. आईच्या मोठ्या बॅगेत दशम्या, मेतकूट आणि चौघांचे स्वेटर होते. तिचे वेगळे ६५ युरो भरावे लागले. जागा आधी पैसे देऊन निवडल्या नव्हत्या, म्हणून यंत्राने आईला २६व्या रांगेत आणि बाबांना ११व्या रांगेत, दोघांनाही मधल्या खुर्चीवर बसवले. ट्रॉली जवळ आल्यावर बाबांनी, दुसऱ्याच्या घरी मागावा तसा संकोचत, एक चहा मागितला आणि घेतलाही. मग हवाईसेविकेने कार्ड मागितले. बाबांनी खिशातली दहा युरोची नोट पुढे केली, तर रोख चालत नाही असे कळले. शेवटी मी १७व्या रांगेतून माझे कार्ड पुढे पाठवले आणि ते पाच-सहा अनोळखी हातांतून बाबांपर्यंत पोहोचले. त्यानंतर बाबांनी परतीच्या प्रवासात काहीही मागितले नाही.

तिकिटाच्या अटी नीट वाचल्या नाहीत ही चूक माझीच आहे, त्यामुळे कंपनीविषयी तक्रार म्हणून हे लिहीत नाही. परंतु माझी समजूत २० वर्षांपूर्वीच्या अनुभवावर बेतलेली होती, आणि ती नेमकी केव्हा व का खोटी ठरली, हे मला समजून घ्यायचे आहे. तसेच जे ३८ युरो मी जास्त दिले, त्यांच्या बदल्यात मला न दिसलेले असे काही मिळत होते का?

हाउन्स्लोकर:

मी लंडनच्या हीथ्रोच्या धावपट्टीखालीच राहतो म्हटले तरी चालेल, आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा युरोपात जातो, त्यामुळे हा बदल टप्प्याटप्प्याने पाहिला आहे. ब्रिटिश एअरवेजने २०१३मध्ये छोट्या मार्गांवर केवळ हातातल्या बॅगेचे स्वस्त भाडे आणले, तेव्हा कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. खरा गदारोळ झाला तो ११ जानेवारी २०१७ला. त्या दिवसापासून कमी अंतराच्या इकॉनॉमीतले फुकट खाणे-पिणे, चहा-कॉफीसकट, बंद झाले आणि त्या जागी मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीची सँडविचे विकत मिळू लागली. लोकांना राग पैशांचा नव्हता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. फुकटाचे सँडविच कोणाला आवडत होते? पण ‘आपण या कंपनीने जातो’ या म्हणण्यात जी थोडी ऐट होती, ती त्या दिवशी गेली.

लुफ्थान्साने ऑक्टोबर २०१५मध्ये युरोपातल्या भाड्यांचे लाइट, क्लासिक आणि फ्लेक्स असे भाग पाडले, आणि मे २०२१पासून इकॉनॉमीतला फुकट खाऊ बंद करून तो विकायला काढला. पाण्याची बाटली आणि चॉकलेटचा एक तुकडा तेवढा राहिला. गंमत अशी की त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेज मार्क्स अँड स्पेन्सरचा प्रयोग संपवून पाणी आणि एक लहानसे पाकीट फुकट देण्यावर आली होती. म्हणजे दोघी निघाल्या दोन टोकांकडून आणि पोहोचल्या जवळपास त्याच पाकिटावर.

याच्या मागे माणसेही आहेत. ब्रिटिश एअरवेजने २०१७मध्ये फुकट खाणे बंद केले तेव्हा तिचे प्रमुख होते अलेक्स क्रूझ, जे आधी व्युएलिंग या स्पेनच्या स्वस्त कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या वर, ब्रिटिश एअरवेज ज्यात येते त्या संपूर्ण आयएजी समूहाचे प्रमुख होते विली वॉल्श. या वॉल्श यांनी २००१नंतर डबघाईला आलेली आयर्लंडची एअर लिंगस ही कंपनी छोट्या मार्गांवर जवळजवळ स्वस्त कंपनीसारखी चालवून वाचवली होती. माणसे फिरली तशी पद्धतही त्यांच्याबरोबर फिरली.

निवृत्त_रॅम्प:

मी मुंबईत ३१ वर्षे विमानांच्या पायाशी काम केले आहे, त्यामुळे गणित सांगतो. भावना इतरांनी सांगाव्यात.

दीड तासाच्या उड्डाणातून धावपट्टीवरची रखडपट्टी, चढण आणि उतरण वजा केली तर ट्रॉली फिरवायला जेमतेम ४०-५० मिनिटे उरतात. तेवढ्यात दीडशेहून अधिक लोकांना वाढायचे, खरकटे गोळा करायचे आणि उतरण सुरू होण्याआधी ट्रॉल्या कुलूपबंद करायच्या असतात. पट्ट्याचा दिवा मध्येच लागला तर अर्ध्या लोकांना काही मिळतच नाही. शिवाय जेवणाचा खर्च म्हणजे डब्यातल्या पदार्थांचा खर्च नव्हे. स्वयंपाकघर, पदार्थ सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, विमानाच्या दाराला जाऊन भिडणारा उचल-ट्रक, तो वेळेवर न आल्याने होणारा खोळंबा, विमानातली गॅली, म्हणजे छोटे स्वयंपाकघर, आणि तिच्या भट्ट्या, आणि परत आलेल्या उरल्यासुरल्या अन्नाची विल्हेवाट, हे सगळे त्यात येते. गॅली जेवढी मोठी तेवढ्या खुर्च्या कमी, ही तर भाड्याच्या घरातल्या माळ्यासारखी साधी गोष्ट आहे.

आता खुर्च्यांकडे या. इंडिगोच्या ए-३२० निओमध्ये १८० किंवा १८६ खुर्च्या असतात. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या त्याच विमानात बिझनेसच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२, अशा १६४ आहेत. दर ५० खुर्च्यांमागे एक सेवक या किमान नियमाने दोन्हीकडे चारच सेवक लागतात, वैमानिक दोनच, विमानतळाचे उतरण-शुल्क सारखेच आणि इंधनातही फार फरक नाही. खर्च जवळपास तोच, पण तो वाटायला माणसे कमी. दूरच्या पल्ल्यावर हा फरक पुढच्या केबिनमधल्या महागड्या तिकिटांतून भरून निघतो. तासाभरासाठी तिप्पट भाडे देणारा प्रवासी मात्र विरळा, आणि त्या पुढच्या खुर्च्यांवरही पुष्कळदा आधीच्या प्रवासांतून साठलेल्या गुणांवर वरच्या वर्गात बढती मिळालेले लोकच बसलेले असतात.

युरोपातल्या कंपन्यांनी तर हा प्रश्न पडद्याने सोडवला आहे. तिथे बहुतेक ठिकाणी पुढच्या रांगांतही इकॉनॉमीच्याच खुर्च्या असतात, मधली रिकामी ठेवली की बिझनेस झाला, आणि मागणीनुसार पडदा हव्या तितक्या रांगा पुढे किंवा मागे सरकवता येतो. पडदा पाहून हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की एका फेरीत १२ आणि पुढच्या फेरीत ४० बिझनेस प्रवासी असे दोन्ही हिशेब हा पडदा सांभाळतो.

मग या कंपन्या छोट्या फेऱ्या करतातच कशाला? तर त्यांचे पोट भरते ते दूरच्या उड्डाणांवर, आणि त्या मोठ्या विमानांत बसणारी माणसे छोट्या विमानांनीच गोळा करून आणावी लागतात. श्टुटगार्टहून फ्रँकफर्टला येणाऱ्या विमानात निम्मे लोक पुढे दुसऱ्या खंडात जाणारे असू शकतात. उरलेल्या खुर्च्या तुमच्यासारख्यांना विकायच्या असतात, आणि तुम्ही तिकीट शोधता त्या संकेतस्थळावर सर्वांत स्वस्त भाडे सर्वांत वर येते. त्या यादीत तळाला जायचे नसेल तर बॅग, जागा आणि खाणे भाड्यातून बाहेर काढणे, याखेरीज कंपनीच्या हातात फारसे काही राहत नाही. बाबांच्या चहाचा बळी घेतला तो त्या यादीने.

खिडकीशेजारी:

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कदाचित आवडणार नाही. मी लॅपटॉपची एक पिशवी घेऊन आठवड्याला दोन उड्डाणे करतो, विमानात काही खात नाही आणि कुठेही बसवले तरी चालते. पूर्वीच्या पद्धतीत माझ्या तिकिटातून इतरांच्या २३ किलोच्या बॅगा आणि न खाल्लेल्या जेवणांचा खर्च वसूल होत होता. आता ज्याने त्याने आपल्यापुरते द्यावे, यात अन्याय काय आहे? एसटीच्या तिकिटात आपण कधी चहा धरला होता का?

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. भाडे सुटे केले, तर सुट्याची बेरीज आधीच्या एकत्र भाड्याच्या आसपास यायला हवी. ती येत नाही. आधी ऑनलाइन घेतलेली बॅग आणि काउंटरवर घेतलेली बॅग यांच्या दरांत मोठी तफावत असते, जी वाहतुकीच्या खर्चावरून ठरत नाही. ती प्रवाशाच्या अज्ञानावर आकारलेली असते. नेकारकाठी यांनी भरलेल्या ६५ युरोंपैकी बराचसा भाग त्या जातीचा आहे.

कोथरूडकर:

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. जुन्या कंपन्यांनी आधी वेगळी चूल मांडून पाहिली होती, आणि ती विझल्यावरच त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात काटकसर करू लागल्या. ब्रिटिश एअरवेजने १९९८मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाहून ‘गो’ ही स्वस्त कंपनी काढली, २००१मध्ये विकून टाकली, आणि २००२मध्ये ती ईझीजेटने, म्हणजे जिच्याशी लढायला काढली होती तिनेच, विकत घेतली. नेदरलँड्सच्या केएलएमची ‘बझ’ २००३मध्ये अशीच रायनएअर या स्वस्त कंपनीच्या पदरात पडली. लुफ्थान्साने जर्मनविंग्ज आणि मग युरोविंग्ज या मार्गाने तो प्रयोग टिकवला खरा, पण त्यासाठी फ्रँकफर्ट आणि म्युनिक वगळता उरलेले युरोपीय मार्ग २०१३पासून त्यांच्याकडे सोपवावे लागले.

आपल्याकडे हेच नाटक याहून वेगाने झाले, आणि ते पाहिलेले असल्यामुळे मला युरोपातल्या घडामोडींचे आश्चर्य वाटत नाही. जेट एअरवेजने २००७मध्ये एअर सहारा घेऊन तिचे स्वस्तातले जेटलाइट केले. ते पुरेना, म्हणून मे २००९मध्ये ‘जेट एअरवेज कनेक्ट’ आणले. त्यात नावात जेट, बाहेरून रंग जवळपास तोच, आणि खाणे मात्र विकत. मुंबई-नागपूरला बसलेल्या माणसाला आपण नक्की कोणत्या कंपनीत बसलो आहोत हे ट्रॉली आल्यावर समजायचे. माझे एक काका तर प्रत्येक वेळी खिडकीतून पंखावरचे नाव वाचूनच सामोशाची आशा धरायची की नाही ते ठरवत. किंगफिशरने एअर डेक्कन घेऊन किंगफिशर रेड केले, २०११मध्ये ते बंद करत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी मूळ कंपनीच जमिनीवर आली.

जेटने डिसेंबर २०१४पासून कनेक्ट गुंडाळून पुन्हा सगळीकडे पूर्ण सेवा आणली. त्या निर्णयाचे तेव्हा कौतुक झाले होते. पण २०१८मध्ये देशांतर्गत स्वस्त भाडेगटांतले जेवण पुन्हा काढावे लागले, आणि १७ एप्रिल २०१९ला शेवटचे विमान उडाले. जेवणामुळे कंपनी बुडाली असे मी अजिबात म्हणत नाही. कर्ज, इंधन आणि इंडिगो ही कारणे त्याहून फार मोठी होती. परंतु आपण काय विकतो आहोत याविषयी दहा वर्षांत चार वेळा मन बदलणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक कशाच्या भरवशावर जास्त पैसे मोजणार?

आज विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यानंतर, म्हणजे १२ नोव्हेंबर २०२४पासून, देशात पूर्ण सेवा देणारी मोठी कंपनी एकच राहिली आहे. तिनेही २०२३मध्ये कम्फर्ट, कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्स असे भाडेगट केले आणि २ मे २०२४पासून पहिल्या दोन गटांत चेक-इन सामान १५ किलोंवर आणले; इंडिगोतही १५च आहे. उलट दिशेने, इंडिगोने नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाच्या रुंद खुर्च्या आणि त्यांच्यासोबत जेवण द्यायला सुरुवात केली. एक जिना उतरते आहे, दुसरी चढते आहे, आणि दोघी मधल्या पायरीवर समोरासमोर उभ्या आहेत.

नेकारकाठी:

सर्वांचे आभार. निवृत्त_रॅम्प यांचे गणित पटले, आणि खिडकीशेजारी यांचा काउंटरवरच्या दराबाबतचा मुद्दा तर फारच पटला. पण माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक आहे. त्या ३८ युरोंचे काय? आणि एसटीच्या उदाहरणाबाबत एवढेच म्हणेन की एसटीत मी माझ्या वडिलांच्या शेजारी बसण्याचे वेगळे पैसे कधी भरले नव्हते.

तिकीटघर:

दादरला आमचे २६ वर्षांपासून तिकिटांचे काम आहे, त्यामुळे दुसऱ्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट म्हणजे, जे ‘फुल सर्व्हिस’मुळे मिळते असे लोक समजतात, त्यातले बरेच कायद्याने सर्वांनाच मिळते. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होत असेल तर खाण्यापिण्याची सोय करावी लागते, आणि कंपनीच्या आवाक्यातल्या कारणाने तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचल्यास २५० युरो भरपाई मागता येते. या नियमात रायनएअर आणि लुफ्थान्सा असा भेद नाही. भारतातही अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर झाला तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणे द्यावे लागते, मग तिकीट कोणत्याही कंपनीचे असो. हातातल्या बॅगेबाबत युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये, व्युएलिंगच्याच एका प्रकरणात, असे म्हटले आहे की वाजवी आकार-वजनाची आणि सुरक्षेच्या नियमांत बसणारी हातातली बॅग हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, तर चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घेता येतात. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर अजून भांडणे चालू आहेत. स्पेनने २०२४च्या नोव्हेंबरात पाच स्वस्त कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरोंचा दंड याच प्रकारच्या आकारण्यांसाठी ठोठावला.

मग जास्तीच्या पैशांत काय येते? ते विमानात दिसत नाही, बिघडल्यावर दिसते. जुन्या कंपनीचे विमान रद्द झाले तर तिच्याकडे त्याच दिवसाची दुसरी फेरी, दुसऱ्या केंद्रावरून जाणारा मार्ग किंवा भागीदार कंपनीची जागा असण्याची शक्यता जास्त असते. स्वस्त कंपनीची त्या गावाला जाणारी पुढची फेरी कधीकधी थेट दोन-तीन दिवसांनी असते. विमानतळही पाहावा, स्वस्त कंपन्या पुष्कळदा गावापासून दूर उतरवतात, आणि तिथून बसला लागणारा खर्च व वेळ कोणी भाड्यात धरत नाही. पण तुमच्यासारख्या थेट, सुट्टीच्या, लवचीक प्रवासात यांपैकी फारसे काही उपयोगी पडले नसते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्या दिवशी वहिनींचे म्हणणे बरोबर होते.

जिथे फरक खरोखर मोठा पडतो ती जागा म्हणजे जोड-उड्डाण. तुमचे आई-बाबा मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे श्टुटगार्टला एकाच पीएनआरवर आले असतील, तर शेवटच्या छोट्या टप्प्यालाही सहसा दूरच्या प्रवासाचीच सामानमर्यादा लागू होते, बॅग थेट शेवटपर्यंत जाते, आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. तोच शेवटचा टप्पा २० युरो वाचवण्यासाठी वेगळा काढला, तर २३ किलोंची बॅग तिथे एकदम उपरी ठरते आणि चुकलेले विमान तुमचे नशीब ठरते. आमच्याकडे वर्षातून दहा-बारा माणसे असे तिकीट स्वतः काढून मग सल्ला विचारायला येतात, आणि तेव्हा आमच्याही हातात काही नसते.

ज्येष्ठांसोबत जाताना मी कंपनीच्या नावाकडे न पाहता भाडेगटाच्या नावाकडे पाहतो. सर्वांत स्वस्त गट घेऊन त्यावर बॅग आणि जागा सुटी विकत घेण्यापेक्षा त्याच्या वरचा गट घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते, पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळी नव्हे. पैसे भरण्याच्या पानापर्यंत दोन्ही मार्गांनी जाऊन आकडे समोरासमोर ठेवावेत. चाकांच्या खुर्चीची मदत लागत असेल तर ती युरोपात सर्व कंपन्यांकडे विनामूल्य आहे. मात्र ४८ तास आधी कळवावे.

नेकारकाठी:

‘वहिनींचे म्हणणे बरोबर होते’ हे वाक्य पत्नीने वाचले आहे, त्यामुळे पुढची तिकिटे तीच काढणार हे ठरले.

एक गोष्ट ताडून पाहिली. आई-बाबांचे परतीचे तिकीट श्टुटगार्ट-फ्रँकफर्ट-मुंबई असे एकाच पीएनआरवर आहे आणि पहिल्या टप्प्यापासून माणशी २३ किलो लिहिलेले आहेत. जागा काल रात्री निवडल्या. छोट्या टप्प्यावर दोघांना शेजारी बसवायचे २४ युरो झाले, ते मुकाट्याने भरले. बाबांनी मात्र फ्रँकफर्टपर्यंतचा चहा घरून थर्मासमधून नेता येईल का, असे विचारले आहे.

निवृत्त_रॅम्प:

सुरक्षा तपासणीतून चहा जाईलच याचा भरवसा नाही, रिकामा थर्मास जातो. आत गेल्यावर एखाद्या कॉफीच्या दुकानात गरम पाणी मागा, बहुतेक जण देतात. चहाची पुडी आणि साखर खिशात ठेवायला सांगा.